सातातले पाच

लेबलावर दोन ठिपके जास्त होते. मी चष्मा कपाळावर सरकवला, मधाची बाटली डोळ्यांजवळ आणली आणि पुन्हा मोजले. पाच आमचे होते, म्हणजे छापलेले, गेरूच्या रंगाचे, गोल गरगरीत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. त्यांच्या उजवीकडे, जिथं मी हट्टानं कोरी जागा सोडायला लावली होती, तिथं बोटांचे दोन जांभळे ठसे उमटले होते. एक जरा वर, एक जरा खाली, आणि खालच्याची कड तर थेट 'रानमध'मधल्या ध वर चढलेली. शनिवारची सकाळ होती. चांदा क्लबच्या मैदानावर बचतगटांचं प्रदर्शन लागलं होतं, मांडवाखाली मोहाच्या लाडवांचा, हातसडीच्या तांदळाचा आणि नव्या कापडी पिशव्यांचा वास एकत्र होऊन बसला होता. मी तिथं सहज आलो होतो असं बायकोला सांगितलं होतं. खरं म्हणजे आमच्या कॉलेजच्या पोरीनं, माझ्या हाताखाली, केलेलं लेबल लोकांच्या हातात कसं दिसतं ते पाहून स्वतःची पाठ थोपटून घ्यायला आलो होतो. त्यामुळे पहिला विचार आला तो असा, की कोणीतरी घाण केली. शाळेतल्या पोरांनी केली असेल, छापखान्यानं केली असेल. मी दुसरी बाटली उचलली. तिच्यावरही दोन. तिसरीवर दोन, आणि तिथं तर ते दोघं एकमेकांना चिकटले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पंधरा वर्षं पोरांना ठिपका कुठं ठेवायचा ते शिकवतो आहे, आणि ठिपका कुठंही ठेवलेला मला सहन होत नाही.

टेबलामागं खाली सतरंजीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, हिरवं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, छातीवर लावलेल्या कार्डावर 'सोमारीबाई' असं नाव. पुढ्यात बाटल्यांचं खोकं आणि शाईचं पॅड, बँकेत अंगठे उमटवायला ठेवतात तसलं. ती एक बाटली मांडीवर आडवी धरायची, बोट पॅडवर टेकवायची आणि लेबलावर एक, दोन, असं दाबायची. मग ओल्या शाईवर फुंकर घालून बाटली बाजूला ठेवायची. कसली घाई नव्हती तिला.

"हे काय करून राह्यले बाई?" मी विचारलं. आवाजात मास्तर होताच.

"सात करून राह्यलो, भाऊ," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"पण पाच छापलेले चांगले दिसतात की. हे असं वाकडंतिकडं काऊन करता?"

आता तिनं वर पाहिलं आणि हसली. समोरचा काहीतरी अडाणी बोलला की आपण हसतो तसं, पण चांगल्या मनानं. "पाच आमच्या सोयऱ्यायचे हाये जी. आमी सातदेवे. पाच देव ज्याच्या घरी, तिथं आमी पोरी देतो, तिथून सुना आनतो. त्यायचं निशान आमच्या शिशीवर कसं चालन? मागं सोयरे आले तं म्हणे, आमच्या घरचा मध तुमी कायले इकता? लय हासले आमाले."

मी बाटली खाली ठेवली. हाताला घाम आला होता की बाटलीलाच ओल होती कोण जाणे. उन्हाळा अजून लागायचा होता, पण चंद्रपुरात फेब्रुवारी सरता सरताच ऊन टोचायला लागतं, आणि मला मानेमागं ते टोचलं. सात. तिनं तो आकडा आपलं आडनाव सांगावं इतक्या सहज उच्चारला. आणि त्याच क्षणी माझ्या कानात दुसरा एक आवाज झाला, बारीक, वर्गाच्या मागच्या रांगेतून आलेला: दोन कमी झाले, सर.

आमच्याकडे दर शुक्रवारी क्रिट असते. भिंतीवर कामं टाचायची, पोरांनी अर्धगोल करून उभं राहायचं आणि मी एकेका कामासमोर थांबून बोलायचं. माझी एक सवय आहे. कामातला कुठलाही भाग मी तळहातानं झाकतो आणि विचारतो, "आता काय बिघडलं?" काही बिघडलं नसेल, तर तो भाग नकोच होता. पोरं मला पाठीमागं 'डिलीट सर' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतं. त्या शुक्रवारी रंजीताचं पहिलं कच्चं काम लागलं होतं. रंजीता एटापल्लीच्या पुढच्या गावची, माडिया घरातली, शेवटच्या वर्षाला. वर्गात ती कमी बोलायची, आणि बोलली तर वाक्य आधी मनात लिहून मग वाचल्यासारखी. गावच्या बायकांच्या गटाचा मध तिनं विषय म्हणून घेतला होता. मला विषय आवडला, कारण असले विषय बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आवडतात. साध्या वर्तमानपत्री कागदावर तिनं गेरूत बोट बुडवून ओळीनं सात ठसे उमटवले होते. बोटाच्या रेषा दिसत होत्या. तिसऱ्यात गेरू जास्त, सहाव्यात जवळजवळ संपलेला. त्याच्याखाली पेन्सिलनं 'रानमध'. बस. ते चांगलं होतं. आज सांगायला काय हरकत आहे, ते पाहिल्याबरोबर मला हेवा वाटला होता, कारण पंधरा वर्षांत माझ्या स्वतःच्या हातून असं एकही काम झालेलं नाही.

"सात कशाला?" मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तेवढेच असतात सर." "तेवढेच असतात हे उत्तर नाही. कारण सांग. रॅशनल." कुलदीप नावाचा एक वात्रट पोरगा म्हणाला, "सर, इंद्रधनुष्य असन," आणि सगळे हसले. मीही हसलो. मग मी नेहमीसारखा तळहात उचलला, शेवटचे दोन ठसे झाकले आणि विचारलं, "आता काय बिघडलं?" आणि ती म्हणाली, "दोन कमी झाले, सर." यावर तर हसण्याचा स्फोटच झाला. मी म्हणालो, "गणित बरोबर आहे तुझं, डिझाइन चुकलं." या वाक्यावर मी खूश होतो. दुपारी स्टाफरूममध्ये ते दोघा-तिघांना सांगितलंही. मी विचारलेल्या प्रश्नाचं तिनं अगदी अचूक उत्तर दिलं होतं आणि तीस पोरांत ते एकट्या तिनं दिलं होतं, हे कळायला मला चार महिने आणि एक शाईचं पॅड लागलं.

आणि कळायला लागलं असं म्हणणंही खोटंच आहे. पुण्याहून आलेल्या माणसानं ही चूक केली असती तर मी त्याला मनसोक्त हसलो असतो, कँटीनमध्ये त्याची नक्कल केली असती. मी इथला. भद्रावतीत वाढलेला. शाळेत माझ्या बाकावर डोमा बसायचा, त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत माळीकाम करायचे. डोमानं मला सातवीत सांगितलं होतं की आम्ही सहादेवे, सहावाले सगळे आमचे भाऊ, त्यांच्यात लग्न नाही लागत. मी त्याला विचारलं होतं, आमचे किती? तो म्हणाला होता, तुमचा तर एकच, आणि तो देव नाही म्हणता. आम्ही दोघं खूप हसलो होतो. हे मला सगळं आठवतं, डोमाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा आठवतं. म्हणजे मला माहीत होतं. तळहातानं ठसे झाकताना ते माझ्या डोक्यात कुठंतरी पडून होतं, पण ते डिझाइनच्या खणात नव्हतं. डिझाइनच्या खणात ग्रिड होती, कोरी जागा होती, विषम आकड्यांचा तोल होता. सातही विषमच असतात म्हणा. पण पाच जास्त मोकळे दिसत होते.

नंतर रंजीता माझ्या केबिनमध्ये आली होती. नोव्हेंबर असेल. दारात उभी राहिली, आत ये म्हटल्यावरही दारातच. मी कुठल्या तरी तपासणी समितीचा फॉर्म भरत होतो. "सर, सात ठेवलं तर?" एवढंच म्हणाली. मी फॉर्मवरून नजर न काढता म्हणालो, "तुझा जीव अडकला आहे त्यात. डिझायनरनं आपल्या कामावर जीव लावू नये." हेही माझं आवडतं वाक्य. ती "हो सर" म्हणाली. थोडा वेळ तशीच थांबली असावी, कारण मी पुढची ओळ भरून वर पाहिलं तेव्हा ती तिथंच होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं, बिचारीला कारण सुचत नाही. मग मीच कारण दिलं. माझा उदारपणा पाहा! मी माझा पंजा वर केला आणि म्हणालो, "पाच बोटं. हातानं काढलेला मध, हाताची पाच बोटं, बोटांचे ठसे. झालं की नाही रॅशनल? लिही." तिनं लिहिलं. तिच्या अहवालात सव्विसाव्या पानावर ते आहे, स्वच्छ अक्षरात, आणि खाली माझी सही. अंतर्गत परीक्षेला तिनं ते पाठ म्हणून दाखवलं, आपला हात वर करून, बोटं पसरून. पाहुण्या परीक्षकांनी मान डोलावली. एक जण म्हणाले, किती नेमकं. तिला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले, आणि मी तिला सांगितलं, पाहिलंस, काढून टाकल्यानं काय होतं ते?

ठसेही मी तिचे ठेवले नाहीत. स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायला लावले, कडा साफ करायला लावल्या, पुढच्या शुक्रवारी आणखी साफ, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पूर्ण गोल. दर वेळी ती नवा प्रिंट टाचायची आणि मागं जाऊन उभी राहायची. दर वेळी काम सुधारत होतं, यात मला आजही शंका नाही, आणि लाज वाटते ती याचीच. ते लेबल दिसायला सुंदर आहे. टेबलावर साठ बाटल्या मांडल्या होत्या आणि पंचवीस पावलांवरून नजर तिकडेच जात होती.

माझ्या बापाला लोक गुणवंत पेंटर म्हणायचे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, विहाराच्या कमानीवरची अक्षरं, निवडणुका आल्या की भिंती. घरात निळ्या ऑइलपेंटचा डबा कधी संपला असं झालं नाही. चौदा ऑक्टोबरच्या आधी महिनाभर तर आमच्या जेवणालाही तो वास यायचा. मी शिकायला बाहेर गेलो, कुठं ते सांगत नाही, आणि शेवटच्या वर्षी पोस्टर केलं ते धम्मदीक्षेच्या त्याच दिवशी लोटणाऱ्या गर्दीचं: पांढऱ्या कपड्यांतली माणसं, ट्रॅक्टर, एस.टी.च्या टपावर गाठोडी, आणि बाकी सगळा कागद निळा, बापाच्या डब्यातला निळा. आमचे सर भले माणूस होते, खरंच. त्यांनी पोस्टर लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि म्हणाले, "निळा फार बोलतो रे. लोकांना आधीच कळतं तू काय म्हणतोयस. जरा उबदार कर." ते काय म्हणत होते ते मला कळलं होतं. आपल्याला असलं कळायला वेळ लागत नाही. मी निळा काढला आणि विटेचा रंग भरला. पहिला नंबर आला. प्रदर्शनाला बाप आला, इस्त्रीचा शर्ट घालून, भद्रावतीहून दोन एस.ट्या बदलून. तो पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहिला, मग मला हळूच, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "निळा सरला होता का रे?" मी म्हणालो, "हो बाबा. दुकान बंद होतं." तो हळहळला. म्हणाला, "मले फोन कराचा ना. डबा घेऊन आलो असतो."

तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. डबा घेऊन आलो असतो, हे मला आठवत नाही असा महिना जात नाही, आणि तरी ते विटकरी पोस्टर माझ्या कामांच्या फायलीत अजून पहिल्या पानावर आहे. मुलाखतीला तेच दाखवलं, नोकरी त्यानंच लागली. त्यातून मी काय शिकलो, तर काढून टाकायला. मला वाटायचं मी ही विद्या पोरांना देतो आहे. माझ्याकडून जे काढून घेतलं गेलं ते मी दुसऱ्याकडून काढून घेतो आहे, असं कधी वाटलं नाही. वाटलं असेल तरी मी त्यावर तळहात ठेवला असेल.

"भाऊ, घेता का एक?" सोमारीबाई विचारत होती. मी भानावर आलो. माझ्यामागं उभी असलेली दोन गिऱ्हाइकं कंटाळून पुढं गेली होती. मी म्हणालो, घेतो. मग मूर्खासारखं विचारलं, "हे लेबल कोणी केलं?" जणू मला माहीत नव्हतं. माणूस स्वतःचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला किती खालच्या थराला जातो.

"आमच्या गावची पोरगी हाये, रंजीता. इथंच शिकते, मोठ्या कॉलेजात. लय हुशार. मले काकी म्हणते," ती म्हणाली आणि हातातली बाटली खाली ठेवली. आता तिला बोलायचं होतं. "पर थे मोजाले चुकली. घरचे देव मोजाले चुकली, काय सांगू तुमाले! दोन हजार कागद छापून आले, गठ्ठे सोडले, तं पाच. सारे बसले होते. लालसू, तिचा बाप, त्यानं सगळ्यायसमोर इचारलं, पोरी, आपले देव किती? थे म्हणे सात. मंग कागदावर पाच कसे? तं खाली पाहून म्हणे, मी मोजाले चुकलो."

"असं म्हणाली ती?"

"हो ना. बाप तं बोललाच नाई तिच्यासंगं, चार दिवस. म्हणे, शिकून हे भेटलं का, घरचे देव भुलाले? मंग पुजाऱ्यानं दंड सांगितला, एक कोंबडी. थे देली. देवापुढं हात जोडून म्हणाली, चुकलो. रडली नाई. मंग आमी म्हटलं, एवढे कागद कायले फेका, दोन दोन बोट लावू. तिनंच आधी लावले. तीन दिवस बसली होती आमच्यासंगं."

तीन दिवस. जानेवारीत ती आठवडाभर गैरहजर होती, त्यातले हे तीन. परत आली तेव्हा तिचं उजव्या हाताचं बोट जांभळं होतं, नखापर्यंत. मी हजेरी घेताना ते पाहिलं आणि म्हणालो, "काय रंजीता, मतदान करून आलीस का?" वर्ग हसला. तीही हसली. ते बोट तिनं मुठीत घेतलं आणि मुठीतच ठेवलं, पूर्ण तास. मी पुढची नावं घेतली.

मला त्या मांडवातून निघून जाता आलं असतं. कोण ओळखत होतं मला? बाटली घ्यायची, घरी जायचं, सोमवारी तोंडी परीक्षा, मुंबईहून परीक्षक येणार, ती हात वर करून पाच बोटं सांगणार, मी मान खाली घालून ऐकणार आणि गुण भरणार. सगळं निभलं असतं. पण माझा पाय तिथून निघेना. एका मुलीनं आपल्या बापासमोर, आपल्या देवांसमोर, मी पुसलेलं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. माझं नावही काढलं नव्हतं. सरांनी सांगितलं, एवढं म्हणाली असती तर कोंबडी वाचली असती, बाप चार दिवस बोलला असता. आणि ती का म्हणाली नाही, हे मला बरोबर ठाऊक होतं, कारण मीही एकदा दुकान बंद होतं म्हणालो होतो.

"बाई," मी म्हणालो, "मीच तिचा सर."

सोमारीबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग हात लुगड्याला पुसत उठली, "अगा माय!" म्हणाली, आणि मागच्या बाईला हाक मारून माडिया बोलीत काहीतरी सांगितलं. पटकन एक प्लास्टिकची खुर्ची आली. पाण्याचा पेला आला. दोघींनी हात जोडून जोहार केला. "बसा जी, सर, बसा. लय चांगलं केलं तुमी. पह्यले आमी दारूच्या शिश्यायत मध भरून इकत होतो, कोनी इचारत नोतं." मी बसलो. बसायला नको होतं, पण बसलो. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका पाहत होत्या.

"ऐका बाई. रंजीता मोजायला चुकली नाही. तिनं सातच काढले होते. पहिल्या दिवसापासून सात. दोन मी पुसले. ती नाही म्हणत होती, मी तिला पाच कराले लावले. चूक माझी आहे. तिच्या वडलांना सांगा, मी सांगतो पाहिजे तर, गावात येऊन सांगतो."

मी हे बोललो. लाज बाहेर पडली की हलकं वाटतं असं म्हणतात, आणि मी वाट पाहत होतो. ती रागावेल, चार लोकांत मला बोलेल, पाणी परत घेईल. मला ते हवं होतं, इतकं की मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो होतो. पण सोमारीबाईचा चेहरा मऊ झाला. ती मागच्या बाईला काहीतरी म्हणाली, मला त्यातलं 'रंजीता' आणि 'सर' एवढंच कळलं, आणि दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या.

"तुमी लय भले मानूस हा जी," ती म्हणाली. "पोरीची चूक आपल्या आंगावर घेता. मास्तर असाच पायजे."

"नाई बाई, खरंच सांगतो."

"हो जी, हो. पांघरून घालता. आपल्याच पोरीवानी समजता, थे काय आमाले दिसत नाई? पर तुमाले आमचे देव कसे माईत राहीन? तुमी बाहेरचे. घरच्या पोरीले माईत पायजे ना. जाऊ द्या. दंड भरला तिनं, झालं थे."

मी इथला आहे असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. मला माहीत होतं, डोमानं सांगितलं होतं. त्याऐवजी मी खिशातून फोन काढला. अंगात येतं म्हणतात तसं काहीतरी झालं असावं. "थांबा," मी म्हणालो, "तिच्याच तोंडून ऐका." रंजीताचा नंबर लावला आणि फोन टेबलावर, बाटल्यांच्या मध्ये, स्पीकरवर ठेवला. दुसऱ्या रिंगला तिनं उचलला.

"सर?"

"रंजीता, मी प्रदर्शनात आहे. तुझ्या काकीजवळ, सोमारीबाईजवळ. स्पीकरवर आहे फोन. त्यांना सांग, सातातले दोन कोणी काढले? घाबरू नको. खरं ते सांग."

फोनमधून बसस्टँडवर असतो तसला गलका येत होता. मग तो कमी झाला, ती कुठंतरी बाजूला गेली असावी. मी टेबलावर वाकलो होतो. सोमारीबाईही वाकली होती. मागच्या बाया, शेजारच्या टेबलावरच्या दोघी, एक गिऱ्हाईक, सगळे त्या फोनभोवती अर्धगोल करून उभे होते, आणि मी मधोमध, उत्तराची वाट पाहत. मी पुन्हा शुक्रवारची क्रिट मांडली होती, हे लक्षात आलं ते तेव्हाच. पण प्रश्न विचारून झाला होता.

"काकी," रंजीता म्हणाली. मराठीतच म्हणाली, मला कळावं म्हणून. "सर असंच म्हणतात. मीच चुकलो होतो मोजाले."

"पाहा जी!" सोमारीबाई म्हणाली, आणि शेजारची बाईसुद्धा "पाहा" म्हणाली. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवावा तसा तो सगळा मांडव माझ्यावर खूश झाला.

मी फोन उचलला, स्पीकर बंद केला, कानाला लावला. मला म्हणायचं होतं, पोरी, मला माफ कर. ते तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याआधी तिनं तिच्या त्या लिहून वाचल्यासारख्या आवाजात विचारलं, "सर, सोमवारी तोंडी परीक्षेला मला किती वाजता यायचं आहे?"

"अकराला," मी म्हणालो.

"हो सर," ती म्हणाली, आणि मी काही बोलेन म्हणून, विद्यार्थी थांबतात तशी, फोन न ठेवता थांबून राहिली.